शंभर गुणांची टिटवी

“डोळ्यांवर पट्टी बांधा, कानांत बोळे घाला, फक्त नाक मोकळं ठेवा. समोरची टिटवी शंभरपैकी किती गुणांची ते मी सांगतो!” ओरिजिनल हे वीस वर्षं सांगत आला होता. वाईट एवढंच की ती बढाई नव्हती. त्याला खरंच सांगता यायचं.

टिटवी म्हणजे पक्षी नव्हे, मोटार. चार दारं, चार गिअर, आणि पुढून पाहिलं तर आत्ताच कोणीतरी रागावल्यासारखा चेहरा. टिटवी हे नाव का ठेवलं ते हॉर्न ऐकला की कळायचं. ज्या कारखान्यात ती बनायची तो बंद पडून छत्तीस वर्षं झाली होती. तिथे आता गाद्या बनत होत्या.

ओरिजिनल हेही काही त्याच्या आईनं ठेवलेलं नाव नव्हे. ते ‘टिटवी मालक मंडळा’नं ठेवलं. पोटासाठी तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. तीही कशाची, तर औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेल्या कागदाची. जो कागद पेशंट वाचत नाही, डॉक्टर वाचत नाही, औषध बनवणाराही बहुधा वाचत नाही, तो ओरिजिनल दोनदा वाचायचा. एकदा सरळ आणि एकदा शेवटाकडून उलट. उलट वाचलं की अर्थ मध्ये मध्ये येत नाही आणि चूक तेवढी दिसते, असं त्याचं म्हणणं होतं. हीच पद्धत त्यानं पुढे मोटारींना लावली.

मंडळात एके काळी बारा सभासद आणि सात टिटव्या होत्या. उरलेले पाच सभासद नुसतेच हळहळणारे होते, आणि ओरिजिनल त्यांतलाच. स्वतःची टिटवी नाही म्हणजे माणूस निःपक्षपाती, असा विचार करून सगळ्यांनी त्याला एकमतानं परीक्षक नेमलं. त्यानं नियम केले. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी गाडी असेल तर शंभर गुण. नंतर कोणी काहीही केलेलं असलं की ते अमूळ, गुण कापणार. शंका असेल तर चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची, चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. परीक्षक त्याच चिठ्ठीवर लाल शाईनं उत्तर देऊन ती पेटीत परत टाकेल, ज्याची त्यानं गुपचूप उचलावी. चिठ्ठी कोणाची हे परीक्षकानं विचारायचं नाही. आणि दुरुस्ती पुरी होईपर्यंत त्यानं गाडी बघायचीही नाही, कारण जुनी अवस्था पाहिली की दया येते, आणि दया आली की गुण वाढतात.

नियम चोख होते. इतके चोख की मंडळ त्यातच संपलं. एका टिटवीचा आरसा अमूळ निघाला की मूळ आरसा आणायचा कुठून? दुसऱ्या टिटवीचा. आरसा गेला म्हणून दुसरीचे गुण गेले, मग तिच्या मालकानं वैतागून तिची दारं तिसरीला दिली, तिसरीच्या मालकाला नुसत्या दारांचं काय करायचं कळेना म्हणून त्यानं इंजिन चौथीला दिलं. अकरा वर्षांत सातांच्या चार झाल्या, चारांच्या दोन. शेवटी बाकी सहा जणींचे धडधाकट अवयव जिच्यात जमा झाले अशी एकच उरली. ती दातांच्या डॉक्टरांची. परीक्षेत तिला शंभरपैकी शंभर मिळाले. मंडळानं टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवून ‘टिटवी मालक मंडळ’ बसनं घरी गेलं.

यंदा दातांचे डॉक्टर वारले, आणि त्यांच्या पत्नीनं गाडी लिलावात काढली. शेवटची टिटवी.

आता हे सगळं ओरिजिनलनं का आरंभलं ते सांगायला हवं. त्याचे वडील पाणीखात्यात मीटर वाचायला जायचे आणि टिटवी चालवायचे. तो नऊ वर्षांचा असताना ते ऑफिसातल्या खुर्चीतच गेले. गाडी दारासमोर उभी राहिली. आई घरातून बाहेर पडली की गाडी दिसायची, आणि गाडी दिसली की आई पुन्हा घरात जायची. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात तिनं गाडी पहिल्या विचारणाऱ्याला देऊन टाकली. गाडी कोपऱ्यावरून वळली त्या क्षणापासून, म्हणजे गेली त्रेचाळीस वर्षं, ती म्हणत आली होती की मी घाई केली.

नऊ वर्षांचा ओरिजिनल तेव्हा म्हणाला होता, मी परत आणीन. नऊ वर्षांचं पोर काय, वाट्टेल ते बोलतं. पण दुसऱ्याचं लिहिलेलं खोडण्यात आयुष्य घालवणाऱ्या या माणसाला स्वतःचं बोललेलं मात्र खोडता आलं नाही. नंबर घेऊन तो गावोगाव फिरला. शोधता शोधता त्याला टिटव्यांबद्दल जगातलं सगळं कळलं, फक्त आपली कुठे आहे ते सोडून.

आता आई ब्याऐंशी वर्षांची होती. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. हृदयाच्या डॉक्टरांनी ओरिजिनलला बाहेर बोलावून सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्याचं काही मी सांगू शकत नाही. आईनं काही मागितलं नाही. एकदा भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली की मेलं त्या टिटवीत एकदा बसायला मिळायला हवं होतं, आपली नसली तरी चाललं असतं.

तर ओरिजिनलनं ठरवलं: गाडी आणायची, आईला बसवायचं. योजना निर्दोष होती. बायकोनं छपरासाठी साठवलेलं सगळं त्याच्यापुढे ठेवलं. तिची अट एकच होती. आईंना याचा पत्ता लागू द्यायचा नाही. पावसाळ्यात छप्पर कुठे कुठे गळतं हे आई डोळे नसताना ठिबकण्याच्या आवाजावरून सांगायच्या. छपराच्या बदली मोटार आली असं कळलं असतं तर त्यांनी तिच्यात पाऊलही ठेवलं नसतं. तेव्हा सांगायचं की मंडळातल्या एकाची आहे, तासभर मागून आणलीय. ओरिजिनलला खोटं बोलता येत नसे, म्हणून बायकोनं त्याच्याकडून ते वाक्य तीनदा घोकून घेतलं.

लिलावाच्या हॉलमध्ये मंडळ पहिल्या रांगेत बसलं होतं. मंडळ म्हणजे आता ओरिजिनल आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. बोली एकट्या ओरिजिनलनं लावायची, उगाच आपसात भाव चढवायचा नाही असं ठरलं होतं, आणि चुकूनसुद्धा हात वर जाऊ नये म्हणून पोस्टमास्तर स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले होते. ओरिजिनलच्या हातात चौदा नंबरची पाटी होती. समोरासमोर एकच प्रतिस्पर्धी होता, एका हॉटेलमालकाचा मॅनेजर. हॉटेलमालकाला गाडी मधोमध कापून पुढच्या अर्ध्याचं रिसेप्शनचं टेबल करायचं होतं. मागच्या अर्ध्याचं काय, ते अजून ठरलं नव्हतं.

लिलाववाले गृहस्थ आवाजानं भारदस्त होते, पण टिटवीबद्दल त्यांचं ज्ञान कोणीतरी फोनवर घाईघाईत सांगितल्यासारखं होतं. त्यांनी सुरुवात केली की पाच गिअरची ही देखणी मोटार.

ओरिजिनलची पाटी वर गेली. त्याला म्हणायचं होतं, चार. लिलाववाले म्हणाले, चौदा नंबर, आभारी आहे.

मॅनेजरनं बोली वाढवली. लिलाववाले गाडीच्या मूळ आकाशी रंगाचं कौतुक करू लागले. टिटवी आकाशी रंगात कधी निघालीच नाही, ती राखी! पाटी वर. चौदा नंबर, आभारी आहे. मॅनेजर फोनवर कुजबुजला आणि त्यानंही हात केला. मग लिलाववाल्यांनी कारखान्याचं वर्ष दोननं चुकवलं, पाटी वर. डिकी पुढे आहे म्हणाले, पाटी वर. आणि हे दोन्ही मॅनेजर मधे काही बोललेला नसताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कसं दिसतं हे त्या दिवशी साठ माणसांनी खुर्चीत बसून पाहिलं. पोस्टमास्तरांना त्याचा हात खाली ओढायचा होता, पण त्यांचे हात कामात होते. त्यांनी गुडघ्यानं ढोसून पाहिलं. ओरिजिनलला वाटलं, तेही डिकीबद्दलच चिडलेत.

शेवटी लिलाववाले थांबले. माणूस भला होता. चौदा नंबर, आपण मघापासून स्वतःच्याच वर बोली लावताय, हे आपल्या लक्षात येतंय का, असं त्यांनी विचारलं.

“चूक ती चूक,” ओरिजिनल ठामपणे म्हणाला. “मी खपवून घेणार नाही.” आणि मुद्दा ठसावा म्हणून पाटी पुन्हा वर केली.

मॅनेजरनं फोनवर मालकाला सांगितलं की समोरचा माणूस एक तर अब्जाधीश आहे नाही तर वेडा, दोन्हींशी आपण लढू नये. हातोडा पडला. छप्पर गेलं, छपराखालची एक भिंतही गेली, पण टिटवी आली! ओरिजिनल उठला आणि व्यासपीठापाशी जाऊन त्यानं आधी चार गिअरचं सांगितलं, मग सही केली.

गाडी छापखान्याच्या मागच्या शेडमध्ये ठेवली. आईला रविवारी बसवायचं ठरलं. शनिवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या पत्नी रिक्षातून एक जाडजूड फाइल घेऊन आल्या. त्या म्हणाल्या की यांनी पहिल्या दिवसापासूनचं सगळं यात चिकटवलंय. पानापानावर तुमचं अक्षर आहे, म्हणून तुमच्याकडेच शोभेल.

ओरिजिनलनं गाडीच्या बॉनेटवर फडकं अंथरलं, त्यावर फाइल ठेवली, आणि सवयीप्रमाणे शेवटाकडून वाचायला घेतली.

शेवटच्या पानावर त्याचंच प्रमाणपत्र होतं. शंभरपैकी शंभर. त्याच्या आधीच्या पानापासून प्रत्येक पानावर डावीकडे एक फोटो आणि उजवीकडे पेटीतून फिरून आलेली चिठ्ठी, अशी मांडणी होती. डॉक्टरांची भाषा दातांची होती. मागच्या सीटला उजव्या कोपऱ्यात कीड लागून खड्डा पडलेला, तो वेगळ्याच कापडानं भरलेला, काय करावं? खाली लाल शाईत: अमूळ, काढा. डावीकडच्या फोटोत ते कापड होतं. पिवळ्यावर बारीक हिरव्या रेघा. ओरिजिनलला वाटलं, हे कापड आपण कुठेतरी पाहिलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीत पाहिलं होतं. त्या पडद्याचा उरलेला तुकडा आईकडे अजूनही होता, ती त्यात सुया खोचायची.

त्यानं पान उलटलं. डॅशबोर्डवर साबणदाणी, दोन स्क्रूंनी पक्की केलेली. तिच्यात बाबा चष्मा ठेवायचे. अमूळ, काढा, भोकं बुजवा. ‘बुजवा’खाली दोन रेघा होत्या.

पान उलटलं. डाव्या सीटखाली लाकडी फळी घालून सीट चार बोटं उचललेली. आईची उंची इतकी कमी होती की फळीशिवाय तिला काचेतून फक्त आभाळ दिसायचं, आणि मग ती बाबांना गाडी चालवण्याबद्दल सूचना कशी देणार? अमूळ, काढा.

त्यानं पान उलटलं. स्टिअरिंगखाली सायकलची घंटी.

बाबांच्या टिटवीचा हॉर्न बिघडला होता. नवा बसवण्याऐवजी त्यांनी घंटी लावली. कोपऱ्यावर आले की दोनदा वाजवायचे, आणि आत आई म्हणायची, आले सायकलस्वार. चिठ्ठीवर डॉक्टरांनी विचारलं होतं की ही ठेवली तर चालेल का. लाल शाईत उत्तर होतं: अमूळ. काढा. हास्यास्पद.

तुम्ही म्हणाल, हे लिहिताना या गृहस्थाला काहीच आठवलं नाही? आठवलं होतं, तेच तर वाईट! पेटीतून ती चिठ्ठी निघाली तेव्हा तो चक्क हसला होता. जगात बाबांसारखा आणखी एक वेडा आहे तर, असं त्याच्या मनात आलं होतं. चिठ्ठी कोणाची हे विचारणं नियमात बसत नव्हतं. नियम त्यानंच केलेला. म्हणून त्यानं ‘हास्यास्पद’ लिहिलं आणि पुढची चिठ्ठी घेतली.

पहिलं पान शेवटी आलं. पिठाच्या गिरणीच्या गोदामात पोत्यांच्या मधे उभी असलेली एक धुळकट टिटवी, घंटीसकट, साबणदाणीसकट, पडद्याच्या तुकड्यासकट. पुढे जुना नंबर होता, गाडी डॉक्टरांच्या नावावर होऊन नवा मिळण्याआधीचा. तो नंबर ओरिजिनल त्रेचाळीस वर्षं तोंडपाठ म्हणत आला होता.

डॉक्टरांच्या पत्नी शेडच्या दाराशी स्टुलावर बसून होत्या. काढलेल्या वस्तू कुठे ठेवल्यात, असं ओरिजिनलनं विचारलं. त्यांनी सांगितलं की काही ठेवलं नाही. काढलेलं जवळ ठेवू नये, मोह होतो, असं तुमच्या मंडळाचं पत्रक होतं ना, त्याबरहुकूम सगळं भंगारात दिलं.

“ती घंटी तेवढी यांना फार आवडायची हो,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस काढवेना त्यांना. मग म्हणाले, परीक्षक म्हणतात ते बरोबरच असणार.”

रविवारी ओरिजिनलनं गाडी दारासमोर आणून उभी केली आणि हॉर्न वाजवला. मूळ हॉर्न होता, कारखान्यातला. आई आतून म्हणाली की कोण आलंय बघ गं, फारच घाईत दिसतंय.

बायकोनं तिला हाताला धरून आणलं. ओरिजिनलनं घोकलेलं वाक्य बिनचूक म्हटलं, की मंडळातल्या एकाची टिटवी आहे, तासभर मागून आणलीय. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खोटं इतकं चांगलं जमलं. आईचा चेहरा असा उजळला की बायको तोंड फिरवून अंगणातल्या बादलीकडे बघत राहिली.

आई डाव्या सीटवर बसली. तिनं दार चाचपलं, काच चाचपली, डॅशबोर्डवरून हात फिरवला, इकडून तिकडे आणि पुन्हा तिकडून इकडे. हात कुठेच अडला नाही. गाडी गल्लीतून निघाली, मैदानाला वळसा घालून बाजाराच्या मागच्या रस्त्यानं चालली. इंजिन असं चालत होतं की सगळ्या मंडळानं उठून उभं राहावं. आईनं एकही सूचना केली नाही. परत दारासमोर गाडी थांबली तेव्हा म्हणाली,

“छान आहे रे. किती गुळगुळीत आहे.”

“हो.”

“आपल्यासारखी नाही पण. आपली चढायला उंच होती.”

काही सांगायचं नाही, असं ओरिजिनलनं आदल्या दिवशी ठरवलं होतं. पण हे ऐकल्यावर त्याच्याच्यानं राहवलं नाही.

“आई, ही आपलीच आहे.”

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. गिरणी, दातांचे डॉक्टर, पेटी, चिठ्ठ्या, लाल शाई. फळी मी काढायला लावली, साबणदाणी मी काढायला लावली, घंटीला मी हास्यास्पद म्हटलं. त्यानं फाइल तिच्या मांडीवर ठेवली. तिनं पानांवरून बोटं फिरवली. फोटोही गुळगुळीतच होते.

आईनं फाइल मिटली. मग म्हणाली, “मघाशी तर मंडळातल्या एकाची म्हणालास.”

“ते छपरामुळे,” ओरिजिनल म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली.

“छपराचं काय?”

“काही नाही.”

“छपराचा काय संबंध?”

संबंध सांगितला तर तिचा उरलेला उन्हाळा, असलाच तर, छपराच्या काळजीत जाणार होता. नाही सांगितला तर मघाचं सगळं खोटं ठरत होतं. ओरिजिनल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहिला. खोटं पकडलं गेल्यावर माणूस बसतो, अगदी तसा.

आईनं त्याच्या हाताच्या अंदाजानं हात पुढे केला. तो आधी गिअरवर पडला, मग त्याच्या मनगटावर.

“मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस ना. अरे, एवढासा होतास तू. घंटी, साबणदाणी, पडद्याचा तुकडा, सगळं ध्यानात ठेवलंस. तेवढ्यानंच मला बरं वाटलं बघ.” दुसऱ्या हातानं तिनं पुन्हा डॅशबोर्ड चाचपला. “पण आपली असती तर बसल्या बसल्या मला कळलं असतं. मी काय, तिला विसरणार होय?”

ओरिजिनलनं तिच्या मांडीवरची फाइल उचलून मागच्या सीटवर ठेवली.

“मिळेल आपली,” आई म्हणाली. “शोधत राहा. फक्त घाई करू नकोस. मी केली तशी.”

मग तिनं पदर सावरला, दाराची कडी चाचपायला सुरुवात केली, आणि नेहमीच्या आवाजात त्याला दटावलं की दुसऱ्याच्या गाडीत असं फार वेळ बसून राहू नये, तासाभराचं सांगून आणलीस ना, मग वेळेत नेऊन दे. तो उतरून तिच्या बाजूला आला. दार धरलं. तिला हात दिला. दोन पावलं गेल्यावर ती पुन्हा थांबली.

“आणि ज्याची आहे ना, त्याला सांग,” ती म्हणाली, “फार छान ठेवलीय म्हणावं. एक ओरखडा म्हणून नाही कुठे.”

“सांगतो,” ओरिजिनल म्हणाला.